काचेच्या कडेची पट्टी आणि कारागिराची अमानत

हुनर ही अशी दौलत आहे की ती चोराला नेता येत नाही. मात्र हाताने काम करणे सोडले की ती आपोआप गंजते. जुन्या मोटारीच्या पुढच्या काचेला रबर आणि चकचकीत पट्टी बसवणे हे असेच एक हुनर आहे. आजच्या गाड्यांत काच थेट पत्र्याला चिकटवतात. त्यामुळे गेल्या काही वर्षांत गॅरेजमध्ये आलेल्या पोरांनी दोरी ओढून काच बसवताना कधी पाहिलेलेच नसते. आणि नेमक्या याच काळात या कामाची कदर वाढू लागली आहे.

असे का, ते आधी समजून घेऊ. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघालेली फियाट १९७४ पासून 'पद्मिनी' या नावाने धावू लागली आणि पुढे मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीची ओळखच बनली. तिच्यातील शेवटची टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव आर.टी.ओ.मध्ये नोंदली गेली. टॅक्सीसाठी वीस वर्षांची मर्यादा असल्याने ३० ऑक्टोबर २०२३ पासून ही टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून गेली. उत्तरपाड्याच्या कारखान्यात अॅम्बेसेडर बनणे त्याआधीच, मे २०१४ मध्ये, थांबले होते. धंदा संपला असे अनेकांना वाटले. परंतु २०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांच्या नोंदणीचे वेगळे नियम केले. नव्या नोंदणीस वीस हजार रुपये, फेरनोंदणीस पाच हजार रुपये शुल्क आणि नंबरात 'व्हीए' ही अक्षरे. अशी गाडी भाड्याने चालवता येत नाही आणि तिच्या मूळ सांगाड्यात मोठे फेरफारही चालत नाहीत. म्हणजे जो मालक आता गाडी उभी करतो, त्याला ती मूळ होती तशीच हवी असते. १९७४ च्या पद्मिनीलाही २०२४ मध्ये पन्नास वर्षे झाली. ज्याच्या हातात जुने काम आहे, त्याच्याकडे गिऱ्हाईक येणार आहे.

आम्ही कापडाच्या व्यापारातील माणसे. गाडीच्या छताचे अस्तर, रेक्झिन आणि सीटचे कापड या निमित्ताने गॅरेजशी आमचा संबंध येतो. काचेचे रबर छताच्या अस्तराची कड दाबून धरते, म्हणून अस्तरवाला आणि काचवाला यांचे काम एकमेकांत गुंतलेले असते. ज्यांना झब्ब्याला मगजी लावण्याचे काम ठाऊक आहे, त्यांना पुढील गोष्टी लवकर कळतील, कारण पट्टी म्हणजे काचेची मगजीच होय.

आधी वस्तू ओळखा

पुढच्या काचेचे रबर आडवे कापून पाहिले तर त्यात दोन खोबणी दिसतात. एका खोबणीत काच बसते, दुसरीत गाडीच्या पत्र्याची कड. बाहेरच्या अंगाला आणखी एक अरुंद चीर असते आणि तिच्यात पट्टी बसते. पट्टी केवळ शोभेची नसते. अनेक गाड्यांत ती चिरेत शिरली की रबर फुगते आणि काच व पत्रा दोहोंना घट्ट धरते. म्हणून पट्टी न लावता गाडी सोडली तर पावसाळ्यात मालक परत येणारच.

पट्टीचे मुख्य तीन प्रकार ध्यानात ठेवावेत.

पहिला प्रकार म्हणजे धातूची पट्टी. हिची आतली कड वळवलेली असते आणि ती रबराच्या चिरेत अडकते. जर्मनीच्या जुन्या फोक्सवॅगन बीटलमध्ये अशी पट्टी असते. ती गाडीला काच बसवण्याच्या आधी, टेबलावरच रबरात बसवावी लागते. काच गाडीत गेल्यावर ती घालू पाहणारा माणूस एक तर पट्टी वाकवतो, नाही तर काच फोडतो.

दुसरा प्रकार म्हणजे प्लॅस्टिकची, वरून चांदीसारखी चमक दिलेली मऊ पट्टी. इंग्लंडच्या जुन्या मिनी गाडीत ती असते. ही काच बसल्यानंतर शेवटी घालतात. त्यासाठी पुढे डोळ्यासारखे भोक असलेले हत्यार मिळते. पट्टी त्या डोळ्यातून ओवून हत्यार चिरेतून पुढे सरकवत न्यायचे. ते चिरेचे ओठ उघडत जाते आणि पट्टी मागून आपोआप बसत जाते.

तिसरा प्रकार १९६० च्या दशकातील अनेक अमेरिकन गाड्यांत सापडतो. तिथे पट्टीला रबराचा आधार नसतो. पत्र्यावर बारीक खुंट्या असतात, त्यांवर क्लिपा बसतात आणि स्टीलची पट्टी त्या क्लिपांवर दाबून अडकवतात. खुंटी गंजली की क्लिप सैल होते आणि पट्टी वाऱ्याने उडते.

आपल्याकडच्या फियाट व अॅम्बेसेडरवर इतक्या वर्षांत अनेक हात फिरलेले असतात. कोणी मूळची पट्टी काढून दुसरी लावलेली असते, कोणी रबरच बदललेले असते. म्हणून 'या गाडीला अमुकच पट्टी' असे डोळे झाकून न म्हणता रबराची चीर आणि पट्टीची आतली कड पाहून ठरवावे.

काढताना घाई नको

नुकसान बहुधा बसवताना नव्हे तर काढताना होते. जुने रबर दगडासारखे कडक झालेले असते आणि मिस्त्री स्क्रू ड्रायव्हर घालून पट्टी उचकटतो. तिथेच ती मुरडते. धातूची मुरडलेली पट्टी पुन्हा पहिल्यासारखी होणे फार कठीण असते. रबर तर नवे घालायचेच आहे. मग त्याचा मोह कशाला? धारदार पात्याने बाहेरच्या बाजूने रबराचे ओठ कापून टाकावेत. पट्टी हाताने सुटून येईल आणि काचही सहज निघेल.

निघालेल्या प्रत्येक तुकड्यावर कागदी टेप लावून वरचा, खालचा, डावा, उजवा असे लिहावे. सांध्यावरच्या लहान टोप्या डबीत ठेवाव्यात. या टोप्या क्षुल्लक वाटतात, पण बाजारात पट्टी मिळेल आणि टोपी मिळणार नाही, अशी वेळ येते.

पट्टी सरळ करताना खाली लाकडाचा घोटीव ठोकळा आणि वर प्लॅस्टिकची किंवा लाकडी हातोडी वापरावी. पट्टी स्टीलची असेल तर बारीक पॉलिश पेपर मारून बफ करता येते. चारशे नंबरापासून हजारापर्यंत चढत जावे. अॅल्युमिनियमच्या पट्टीवर बहुधा अॅनोडायझिंगचा थर असतो. बफने तो निघून जातो, पट्टी चार दिवस चमकते आणि मग काळवंडते. म्हणून ती पुन्हा अॅनोडाइज करून घ्यावी. पितळेवर क्रोम चढवलेली पट्टी असेल तर पॉलिश पेपर लावूच नये. क्रोमचा थर अतिशय पातळ असतो. ती प्लेटिंगवाल्याकडेच द्यावी.

पत्र्याची कड हा पाया

रबर निघाले की खरी गोष्ट समोर येते. खालच्या दोन्ही कोपऱ्यांत पाणी साचून पत्रा खाल्लेला असतो. येथे दोन चुकीचे मार्ग आहेत. एक, तसेच रबर चढवून गंज झाकणे. दुसरा, गंजावर लांबी म्हणजे पुटीन भरून कड जाड करणे. रबराची खोबण ठरावीक जाडीच्या पत्र्यासाठी बनलेली असते. कडेवर लांबीचा थर चढला की रबर पूर्ण बसत नाही, काचेवर एका बाजूने ताण येतो आणि ती कधी तरी तडकते. सडलेला पत्रा कापून नवा जोडावा, प्रायमर मारावा, आणि शेवटचा रंग देण्यापूर्वी काच व रबर एकदा कोरडे लावून पाहावे. शिंपी पक्की शिलाई मारण्याआधी कच्चा टाका घालतो, तसेच हे आहे.

कामाचा क्रम असा ठेवावा: पत्रा, रंग, रंग पूर्ण वाळल्यावर छताचे अस्तर, आणि मग काच. अस्तराची कड पत्र्याच्या कडेवर चिकटवून जादा कापड कापून टाकावे. दुमडलेले जाड कापड रबराखाली राहिले तर तेथूनच पाणी आत येते.

रबर आणि काच यांचा मेळ

नवे रबर घेताना जुन्याचा तुकडा सोबत न्यावा आणि दोन्ही खोबणींची रुंदी ताडून पाहावी. काचेची जाडीही मोजावी. पूर्वी अनेक गाड्यांना एकेरी टफन काच असे. आता तिच्या जागी दोन काचांमध्ये प्लॅस्टिकचा पडदा असलेली लॅमिनेटेड काच घेतात आणि तिची जाडी वेगळी असू शकते. टफन काचेच्या कडेला धातूचा फटका बसला तर संपूर्ण काचेचे दाणे होतात. लॅमिनेटेड काचेला कडेपासून तडा जातो आणि तो हळूहळू पसरतो. दोन्ही काचांची कमजोरी त्यांच्या कडेत आहे, आणि आपले सारे काम कडेचेच आहे.

मीटरने मिळणारे रबर कापून जोडायचे असेल तर मापापेक्षा किंचित लांब ठेवून दाबून बसवावे. कापड पाण्यात आटते म्हणून आपण शिलाईत माया ठेवतो. रबरही काही काळाने आटते आणि मग सांधा उघडतो. सांधा खालच्या बाजूस मधोमध घ्यावा, आणि पट्टीचा सांधा त्याच्यावरच येऊ देऊ नये.

दोरीचे काम

टेबलावर घोंगडी अंथरून तिच्यावर काच ठेवावी. रबर अर्धा तास उन्हात ठेवले की नरम होते. आधी कोपरे, नंतर सरळ बाजू, असे रबर काचेवर चढवावे. पट्टी धातूची असेल तर याच वेळी चिरेत बसवावी, इथेही सुरुवात कोपऱ्यापासून. दोन तुकड्यांमधील फट दोन्हीकडे सारखी आहे का ते पाहावे आणि पट्टी हलू नये म्हणून तिच्यावर ठिकठिकाणी टेप लावावी.

आता चार-पाच मिलिमीटर जाडीची गुळगुळीत, मजबूत दोरी घ्यावी. पत्र्याच्या खोबणीत ती सर्व बाजूंनी घालावी आणि खाली मधोमध दोन्ही टोके वीतभर एकमेकांवरून जातील अशी ठेवावी. जुन्या बॉलपेनच्या नळीतून दोरी ओवून नळी खोबणीतून फिरवली तर काम चटकन होते. खोबणीला पातळ साबणाचे पाणी लावावे. तेल, ग्रीस किंवा रॉकेल लावू नये. त्याने रबर फुगते आणि पुढे सीलंट धरत नाही.

काच गाडीवर ठेवताना दोन्ही टोके आत, गाडीच्या टपाखाली आली पाहिजेत. एक जण बाहेर, एक जण आत. आतला माणूस दोरी काचेच्या मध्याकडे ओढतो. दोरी निघताना रबराचा आतला ओठ पत्र्याच्या कडेवरून उचलून आत आणते. बाहेरचा माणूस नेमक्या त्याच जागी उघड्या तळहाताने दाबतो. मूठ मारायची नाही, हातोडी तर नाहीच. थोडे डावीकडे, थोडे उजवीकडे, असे दोन्ही बाजूंनी वर चढत जावे. दोघांचा ताल जमला पाहिजे. बाहेरचा दाब आणि आतली ओढ एकाच जागी पडली नाही तर रबराचा ओठ फाटतो. कोठे अडले तर जोर न वाढवता थांबावे, काच उतरवून पुन्हा दोरी घालावी. त्यात अर्धा तास जातो, पण काच वाचते. हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा हवाच.

काच बसली की रबर आणि पत्रा यांच्यामध्ये न सुकणारे सीलंट भरावे. प्लॅस्टिकची पट्टी असेल तर ती आता घालावी. ती ओढून ताणू नये, आणि शेवटी बोटभर जादा ठेवून दुसऱ्या दिवशी कापावी, कारण ताणलेली पट्टी रात्रीतून आखडते. मग नळीने पाणी सोडावे. पाणी खालून सुरू करून वर न्यावे. वरून सोडले तर गळती नेमकी कोठून आहे ते कळत नाही. आत एकाने बॅटरी आणि कोरडा कागद घेऊन बसावे. कागद कोरडा राहिला तरच गाडी द्यावी.

काच फुटली तर भरपाई कोणाची?

आमच्या परिचयातील एका गॅरेजमध्ये असा प्रसंग घडला. पेंटरने सडक्या कडेवर लांबी भरून रंग मारला आणि कोणालाच सांगितले नाही. काचवाल्याने कड जाड आहे हे पाहूनही, आज गाडी द्यायचीच म्हणून दाबून काच बसवली. कोपऱ्यातून तडा गेला. पेंटर म्हणे, तुझ्या हातून फुटली. काचवाला म्हणे, तुझ्या लांबीने फुटली. मालक म्हणे, मला माझी काच द्या. वीस वर्षे एकाच छताखाली जेवलेली माणसे सलामालाही महाग झाली. शेवटी मोहल्ल्यातील वडीलधाऱ्यांनी दोघांमध्ये सुलह करून खर्च निम्मा-निम्मा वाटला. काच आली, पण मने सांधायला बराच काळ गेला.

आपल्या फिकहमध्ये या प्रश्नाचा विचार शेकडो वर्षांपूर्वी झालेला आहे. जो कारागीर एकाच मालकाचा नोकर नसून अनेकांची कामे घेतो, त्याला 'अजीर मुश्तरक' म्हणतात. हनफी फिकहच्या 'हिदाया' या प्रसिद्ध ग्रंथात त्याची उदाहरणे रंगारी आणि धोबी यांची आहेत, म्हणजे आमच्याच कापडाच्या धंद्यातील. वस्तू कारागिराच्या हाती अमानत असते. त्याचा काही कसूर नसताना ती नष्ट झाली तर इमाम अबू हनीफा (रह.) यांच्या मते त्याच्यावर भरपाई नाही, त्यांचे दोन्ही शिष्य, इमाम अबू यूसुफ आणि इमाम मुहम्मद (रह.), टाळता न येणारी आपत्ती सोडून इतर बाबतीत भरपाई धरतात. परंतु वस्तू कारागिराच्या कामानेच बिघडली, जसे कापड आपटताना फाटले, तर या तिघांच्याही मते जबाबदारी कारागिराची. कोकणातील आपले अनेक बांधव शाफई आहेत. त्यांच्याकडे तपशील वेगळा आहे. प्रत्यक्ष वाद उभा राहिल्यास आपापल्या मुफ्ती साहेबांना विचारावे, आम्ही येथे फतवा देत नाही. सांगायचे इतकेच की 'आमच्याकडे फुटले तर जिम्मेदारी मालकाची' अशी पाटी भिंतीवर टांगली म्हणून कारागीर मोकळा होत नाही.

म्हणून काम घेतानाच कागदावर चार ओळी लिहाव्यात. काचेवर आधीचे ओरखडे वा तडे आहेत का, पट्टीचे किती तुकडे आले, कोणता वाकलेला आहे, रबराखाली गंज निघाल्यास जादा खर्च किती. रबर काढल्यावर मालकाला बोलावून पत्र्याची कड दाखवावी. रसूलुल्लाह (सल्ल.) यांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घातला, आत ओल लागली, तेव्हा ओले धान्य लोकांना दिसेल असे वर ठेवण्यास व्यापाऱ्याला बजावले, हे आपण लहानपणापासून ऐकतो. रबराखालचा गंज ही आपल्या धंद्यातील आतली ओल आहे. बफ केलेली जुनी पट्टी नवी म्हणून विकणे किंवा क्रोम चढवलेले लोखंड स्टील म्हणून देणे हेही त्यातच आले. ऐब लपवून विकलेला माल परत करण्याचा हक्क शरिअतने गिऱ्हाईकाला दिला आहे.

जुन्या मालाच्या बाजारात पट्टी स्वस्तात मिळते तेव्हा ती कोठून आली हेही विचारावे. चोरीचा माल जाणूनबुजून घेणे दीनमध्ये हराम आहे आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही गुन्हा आहे. विकणाऱ्याचे नाव आणि तारीख वहीत लिहून ठेवण्याची सवय कारागिराला फार मोठ्या संकटातून वाचवते.

मजुरी ठरवताना मात्र संकोच करू नये. फुटलेली काच आणि मुरडलेली पट्टी यांची जोखीम आपण उचलतो, दोन माणसांचा अर्धा दिवस जातो. त्याचा वाजवी मोबदला आधी सांगून घ्यावा. काम झाल्यावर वाढवू नये. आणि दोरी ओढायला जो शागिर्द आत बसतो, त्याला फक्त 'ओढ' म्हणू नये. का ओढायचे, कोठे थांबायचे, हे समजावून द्यावे. हे काम जाणणारे उस्ताद आता वयस्क झाले आहेत. त्यांच्या हातातले त्यांच्या हयातीत पुढच्या हातात गेले नाही, तर गाड्या येतील आणि त्यांची पट्टी बसवणारा आपल्या मोहल्ल्यात उरणार नाही.

सूरह सबामध्ये हजरत दाऊद (अ.) यांच्यासाठी लोखंड नरम केल्याचा आणि चिलखताच्या कड्या योग्य मापाने जोडण्यास त्यांना सांगितल्याचा उल्लेख येतो. एका पैगंबराला हाताच्या कामात मापाची ताकीद होती, तर आपण एका काचेच्या कडेला घाईत का हात घालावा? अल्लाह आपल्या कारागीर बांधवांच्या हातात सफाई आणि रोजीत बरकत देवो. आमीन.